पील धरायचे की कापायचे

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, निसवायला लागली होती, दर दोन-चार झाडांमागे एखाद्यातून कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर डोकावत होते, आणि त्याला एवढेच विचारायचे होते : “दादा, पिले धरू की कापून टाकू?” ज्यांच्या घरात केळी नाही त्यांना या प्रश्नाचे वजन चटकन कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. केळीचे झाड घड एकदाच देते, पण त्याच्या बुंध्याशी नवी पिले सतत फुटत असतात. घड पडेपर्यंतचे सात-आठ महिने ही पिले दर दोन-तीन आठवड्यांनी कोयत्याने जमिनीलगत छाटावी लागतात, नाहीतर ती मूळ झाडाच्या तोंडचा घास पळवतात. निसवण सुरू झाली की मात्र हात थांबतो. प्रत्येक झाडाशी एक जोमदार पील राखले तर तेच पुढचे पीक होते, आणि त्याला आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पिलबाग म्हणतात. रोपांचा खर्च वाचतो, नांगरणी वाचते, ठिबकच्या नळ्या गोळा करून पुन्हा अंथराव्या लागत नाहीत आणि माल नव्या लागवडीपेक्षा लवकर हाती येतो. मात्र पिलबाग एकसारखी निसवत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याला कापणीसाठी चार खेपा माराव्या लागतात, आणि नवतीला, म्हणजे नव्या लागवडीला, जो भाव मिळतो तो पिलबागेला सहसा मिळत नाही. पिले छाटत राहिले तर घड उतरल्यावर रान मोकळे होते. मग तिथे नवी रोपे लावता येतात, हळद लावता येते किंवा आणखी काही आजमावून पाहता येते.

खरी गोम वेगळीच आहे. पील धरायचे की नाही हे निसवणीच्या वेळी ठरवावे लागते, आणि घड कापणीला यायला त्यानंतर शंभरएक दिवस लागतात. म्हणजे आधीच्या पिकाने किती दिले हे कळायच्या आत पुढच्या पिकाचा निकाल लावायचा असतो. भावाने फोनवर हसत विचारले, “तुझ्या पुस्तकात यावर काही नाही का रे?” मी जळगावच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या पुस्तकात यावर पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे त्याच्या उपयोगाचे नाही. असे का, याचा विचार त्या फोनपासून माझ्या डोक्यात घोळतो आहे.

संख्याशास्त्रात हा प्रश्न जुगाराच्या यंत्रांच्या रूपाने मांडतात. समोर काही यंत्रे आहेत, प्रत्येकाचा दांडा ओढला की काही पैसे पडतात, पण कोणते यंत्र सरासरीने किती देते हे ओढल्याशिवाय कळत नाही. आतापर्यंत जे बरे वाटले तेच ओढत राहावे, की कमी ओढलेल्या यंत्राकडे वळून त्याची माहिती घ्यावी? दुसरे केले तर आजचे पैसे कदाचित बुडतात, पहिले केले तर याहून चांगले यंत्र शेजारीच असूनही जन्मभर कळत नाही. विल्यम थॉम्प्सन यांनी १९३३ मध्ये ही अडचण औषधोपचारांच्या संदर्भात मांडली होती : दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे ठरवण्यासाठी आणखी किती रोग्यांना कमी खात्रीचा उपचार द्यायचा? हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५२ मध्ये तिला आजचे गणिती रूप दिले. प्रश्न दिसायला सोपा, पण इतका चिवट होता की दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या गणितज्ञांची डोकी त्यात इतकी अडकली, की हा प्रश्न विमानातून जर्मनीवर टाकावा म्हणजे तिकडच्या गणितज्ञांचाही वेळ वाया जाईल, अशी सूचना निघाल्याचा किस्सा पीटर व्हिटल यांनी पुढे सांगितला होता. सत्तरच्या दशकात जॉन गिटिन्स यांनी त्याच्या एका महत्त्वाच्या रूपाचे उत्तर काढले. त्या उत्तराचा गाभा असा की अनोळखी पर्यायाची किंमत त्याच्या अंदाजित सरासरीपेक्षा थोडी जास्त धरावी, कारण तो ओढल्याने जी माहिती मिळते ती पुढे कामी येते. आणि ही वाढीव किंमत किती, हे आपण उद्याला किती मोल देतो यावर ठरते. ज्याच्यापुढे लांबचा पल्ला आहे त्याने नवे पाहावे, ज्याचा डाव संपत आला आहे त्याने हातचे धरून ठेवावे.

आपल्या भाषेने मात्र यात फार पूर्वीच बाजू घेऊन टाकली आहे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना बजावत आलो आहोत. हातचे धरून बसल्यामुळे बुडालेल्याला टोमणा मारणारी तितकी ठसठशीत म्हण मला तरी आठवत नाही.

गिटिन्स यांच्या गणितातील खेळाडूला पोट नसते, हीच माझी अडचण आहे. त्याला फक्त एकूण बेरीज जास्तीत जास्त हवी असते. माझ्या भावाला बेरीज हवी असतेच, पण त्याआधी त्याला ३१ मार्चला गावच्या सोसायटीचे पीककर्ज नवे-जुने करायचे, म्हणजे जुने फेडून नवे उचलायचे असते, जूनमध्ये मुलीची फी भरायची असते आणि गावात ‘याची बाग बसली’ असे कोणी म्हणू नये असेही त्याला वाटत असते. माणूस नवे शोधतो की जुनेच कसत राहतो, हे आपण बहुधा त्याच्या स्वभावावर ढकलतो. अमका धाडसी, तमका भित्रा असे शिक्के मारून मोकळे होतो. मी माझ्याच घरात एकाच माणसाला एका वर्षी कमालीचा सावध आणि दुसऱ्या वर्षी कमालीचा बेधडक झालेला पाहिले आहे. मधल्या काळात त्याचा स्वभाव पालटला नव्हता, त्याला कशाची गरज होती ते पालटले होते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा माणसांत नव्हे तर पाखरांत सापडतो. थॉमस काराको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये जंको नावाच्या चिमणीएवढ्या अमेरिकी पक्ष्यांपुढे दाणे मिळण्याची दोन ठिकाणे ठेवली. एका ठिकाणी प्रत्येक वेळी ठरलेलेच दाणे मिळत. दुसऱ्या ठिकाणी कधी काहीच नाही तर कधी भरपूर, पण सरासरी तीच. ज्या पक्ष्यांचे पोट दिवसाच्या गरजेपुरते भरत होते ते ठरलेल्या दाण्यांकडे गेले. ज्यांना त्या वेगाने खाऊन भागणार नव्हते ते बेभरवशाच्या ठिकाणी गेले. दाणे तेच, पक्षी तेच, फक्त भूक वेगळी. आणि भुकेल्या पक्ष्याचे वागणे मुळीच वेडेपणाचे नव्हते, कारण ठरलेले दाणे खाऊन तो रात्र काढू शकणार नव्हता हे नक्कीच होते, तर दुसरीकडे निदान एक शक्यता शिल्लक होती.

हे वाचल्यावर मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन डब्यांचा एक खेळ घेतला. असल्या खेळाला प्रयोग म्हणणे उद्धटपणाचे होईल, पण जे दिसले ते सांगतो. लाल झाकणाच्या डब्यात अठ्ठेचाळीस, पन्नास आणि बावन्न एवढ्याच आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. निळ्या झाकणाच्या डब्यात दहापासून नव्वदपर्यंत काहीही होते, पण सरासरी पन्नासच. हे मुलांना सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी मी तीन चिठ्ठ्या लाल डब्यातून आणि एकच निळ्यातून काढून दाखवली, मग अर्ध्या वर्गाला सांगितले की तुम्हाला एकदाच काढायची आहे आणि उरलेल्यांना सांगितले की तुम्हाला सहा वेळा. एकदाच काढायची होती त्यांनी आतापर्यंत जे बरे दिसले तिकडे हात घातला. सहा वेळा संधी असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पहिला हात निळ्या डब्यात घातला, कारण त्याबद्दल माहिती कमी होती. रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच धर्तीचा प्रयोग नीट मोजमापासह प्रसिद्ध केला होता, आणि त्यात एक फरक फार मोलाचा सांगितला होता. माणूस दोन तऱ्हांनी अनोळखी पर्यायाकडे वळतो. एक तऱ्हा जाणूनबुजून माहिती घेण्याची : हे मला कमी ठाऊक आहे, म्हणून हेच पाहतो. दुसरी तऱ्हा नुसत्या विस्कळीतपणाची : निवड थोडी सैल सोडायची आणि हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी मी बक्षीस लावले. चार चिठ्ठ्यांची बेरीज दोनशे किंवा त्याहून अधिक झाली तर कँटीनची कचोरी माझ्याकडून. मात्र काही मुलांना सुरुवातीलाच तीस गुण फुकट दिले आणि काहींचे तीस गुण आधीच कापले. एव्हाना दोन्ही डब्यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक झालेला होता. तीस गुण फुकट मिळालेली मुले लाल डब्याला चिकटून बसली, आणि त्यांनी का बसू नये? चार वेळा अठ्ठेचाळीसच निघाले तरी त्यांची कचोरी पक्की होती. ज्यांचे तीस कापले होते ती सगळी निळ्या डब्यावर तुटून पडली, आणि तीही चुकत नव्हती, कारण लाल डब्यातून चारही वेळा बावन्न निघाले तरी दोनशे आठच होतात आणि त्यांना हवे होते दोनशे तीस. काराको यांचे पक्षी माझ्या वर्गात बाकांवर बसलेले होते.

त्या खेळात मला सर्वांत जास्त लक्षात राहिली ती मात्र वेगळीच गोष्ट. पहिल्या दिवशी, कचोरी नसताना, तास संपल्यावर चार-पाच मुलांनी मला अडवले, निळा डबा टेबलावर पालथा केला आणि सगळ्या चिठ्ठ्या मांडून सरासरी काढली. दुसऱ्या दिवशी जिंकलेले आणि हरलेले सगळे घंटा होताच कँटीनकडे धावले. डबे जिथल्या तिथे राहिले. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ मधील बालवाडीतला प्रयोग मी अनेकदा शिकवला आहे : चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांना ‘चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगून ते दिले, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुले रंगीत पेनांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. बक्षिसाने मेहनत वाढते हे खरे, पण नजर बक्षिसापुरतीच राहते. माझ्या कापलेल्या तीस गुणांच्या मुलांनी निळ्या डब्यात कितीतरी वेळा हात घातला, आणि त्या डब्याविषयी त्यांना काहीही जाणून घ्यायचे नव्हते.

मेंदूत हे कुठे घडते याबद्दलही काही गोष्टी आता माहीत आहेत. नॅथॅनिएल डॉ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चार यंत्रांचा खेळ खेळणाऱ्या माणसांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा हातचे सोडून दुसरे यंत्र आजमावताना कपाळामागचा अगदी पुढचा भाग जास्त सक्रिय दिसला. मला स्वतःला ही चित्रे पाहून विशेष काही उमगत नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. मला उमगते ती हळद.

२०१० च्या आधीच्या दोन उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचे पाणी आटले. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या पट्ट्यात भूजल वर्षागणिक खोल जात आहे, आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एकामागून एक दोन बोअर घेतले; पहिला कोरडा गेला, दुसऱ्याला कसेबसे पाणी लागले. सोसायटीचे कर्ज होतेच, त्यावर हे बाहेरचे देणे, दरमहा व्याजाचे. त्या वर्षी हळदीचे भाव कडाडले होते. आबांनी त्याआधी आयुष्यात घरच्या मसाल्यापुरतीसुद्धा हळद लावली नव्हती. मे महिन्यात त्यांनी पाच एकरांपैकी चार एकर हळद लावली, बेणेही चढ्या भावाने घेतले. माझ्या आईने एकदाच विचारले, “एवढी?” आबा म्हणाले, “थोडी लावून काय होणार आहे?” या वाक्याचा मी पुढे कितीदा विचार केला असेल. ते बरोबर होते. थोडी लावून माहिती मिळाली असती, पण बोअरचे देणे फिटले नसते. त्यांना माहिती नको होती. त्यांना दोनशे तीस हवे होते.

हळद पिकली, सांगलीला गेली, पैसे आले, बाहेरचे देणे फिटले. गावात आबांना लोक हळदीविषयी विचारायला येऊ लागले, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, आबांनी पुन्हा तितकीच हळद लावली. या वेळी गरज नव्हती, आदल्या वर्षीच्या यशाने दिलेली खात्री होती. २०१२ च्या वसंतात भाव असा कोसळला की काढणी, शिजवणे आणि पॉलिश यांचा खर्च निघाला तेवढेच. दोन वर्षांत मिळून आबांना हळदीबद्दल काय कळले? फारसे काही नाही. पहिल्या वर्षी जमीन चांगली होती म्हणून पीक आले, की पाऊस बरा झाला म्हणून, की बेणे चांगले होते म्हणून, हे सांगण्यासाठी शेजारी तुलनेला दुसरे काही लावलेलेच नव्हते. गरजेने त्यांना धाडस दिले. धाडसाला आपण शोध समजलो, त्यांनीही समजला, आणि नशिबाने दिलेल्या उत्तराला ज्ञान म्हणून पुढच्या वर्षी पेरले.

ज्याला नवे शोधणे परवडते त्याला त्याची गरज वाटत नाही, आणि ज्याला गरज वाटते त्याला ते परवडत नाही. मला या सगळ्या विषयाचा जो काही सांधा सापडला आहे तो इथे. बाग चांगली आली, भाव बरा मिळाला, त्या वर्षी शेतकऱ्याजवळ चार गुंठे बाजूला ठेवून काही पाहण्याइतकी ऐपत असते. पण त्या वर्षी तो म्हणतो, चालले आहे ते चांगले चालले आहे. बाग बसली की तो डोळे मिटून उडी मारतो. शोधाला लागणारी सवड आणि शोधाला लागणारी ऊर्मी या दोन गोष्टी त्याच्या दारात एकाच वर्षी येत नाहीत.

फरदडीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. कपाशीची मुख्य वेचणी डिसेंबरपर्यंत आटोपते. मग पऱ्हाटी उपटून रान मोकळे करावे, की एक-दोन पाणी देऊन उरलेसुरले बोंड घ्यावे, म्हणजेच फरदड ठेवावी? एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ मध्ये चारा शोधणाऱ्या प्राण्यांसाठी एक नियम मांडला होता, तो इथे तंतोतंत बसतो : झुडपावरून मिळणारे फळ कमी-कमी होत जाते, आणि ज्या क्षणी ते आसपासच्या रानातून प्रवासाचा वेळ धरून मिळणाऱ्या सरासरीइतके खाली येते, त्या क्षणी झुडूप सोडावे. दुसरे झुडूप जितके लांब तितके पहिल्यावर जास्त वेळ रेंगाळणे शहाणपणाचे. फरदडीचा कापूस हलका असतो, मिळतो थोडा, आणि सर्वांत वाईट म्हणजे गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळत राहते. २०१७ मध्ये या अळीने महाराष्ट्रात केवढा हाहाकार केला तो खान्देशाने पाहिला आहे, आणि फरदड घेऊ नका असे कृषी विभाग दर वर्षी कानीकपाळी ओरडतो. तरी फरदड राहते. शेतकऱ्याला कळत नाही असे मानणारे अधिकारी मला नेहमी थोडे गमतीचे वाटतात. त्याला कळते; पण उन्हाळी पिकाचे पैसे मे-जूनमध्ये येणार आणि फरदडीचे पैसे ३१ मार्चच्या आत येणार, आणि नवे-जुने करायला उभी रक्कम मार्चमध्येच लागते. दुसरे झुडूप अंतराने जवळ असले तरी तारखेने लांब असते. म्हणून तो रिकाम्या होत चाललेल्या झुडपावर बसून राहतो. तुटपुंज्या उत्पन्नाला चिकटून राहणारा हा माणूस आणि चार एकर हळद लावणारा माणूस यांना मी एकाच मापाने मोजतो. पहिल्याला हातचे धरून तारीख गाठता येत होती, दुसऱ्याला येत नव्हती. एवढाच फरक.

टोरी हिगिन्स यांनी १९९७ मध्ये प्रेरणेचे जे दोन झोत सांगितले त्यांचाही इथे संबंध येतो : काही मिळवण्याकडे लागलेले मन आणि काही गमावू नये म्हणून जपणारे मन. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की जपणारे मन हातातली वस्तू बदलायला आणि अर्धवट राहिलेले काम सोडून नवे घ्यायला सहसा तयार होत नाही. जळगावच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला बसलेली माझी काही जुनी मुले मला भेटतात. आता सोडले तर पाच वर्षे वाया गेली असे होईल, असे ती म्हणतात. पुढचे काय मिळेल याबद्दल ती क्वचितच बोलतात.

आता आबांच्या चार ओळींबद्दल. विहिरीला लागून आमच्या रानात केळीच्या चार आखूड ओळी बसतात, ओळीत दहा झाडे. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १७४० झाडे होतात, पाच एकरांची ८७०० धरा; त्यातली ही चाळीस, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घरात पुरणाचा घाट, अशा गडबडीत दुपारी आबा खाटेवर बसून त्या वर्षी चार ओळींत काय लावायचे ते ठरवीत. कधी पपई, कधी आले, एका वर्षी कुठूनतरी आणलेले लाल केळे, जे घरातल्या कोणालाच आवडले नाही. त्यांची टिपणे भिंतीवरच्या कॅलेंडरवर असत. तारखेच्या चौकोनात शाईच्या पेनाने ‘ओळ २, ६ झाडे निसवली’ किंवा ‘घड २१ किलो, शेजारचा १७’ असे बारीक अक्षर. वर्ष संपले की कॅलेंडर फेकायचे नाही, खिळ्यावर जुन्याच्या वर नवे टांगायचे, त्यामुळे ती भिंत दर वर्षी थोडी पुढे येत असे.

नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, ग्रँड नैन जातीची केळीची रोपे जळगाव जिल्ह्यात आली तेव्हा आमचे सगळे गाव बसराई लावत होते, तीही घरच्या कंदांपासून. बसराईला दीडएक वर्ष लागायचे, पण कंद फुकट होता आणि हे रोप विकत घ्यायचे होते. आबांनी चाळीस रोपे आणली. ती वर्षभरात कापणीला आली, एकसारखी निसवली, आणि त्या वर्षी आमच्या बांधावर जितकी माणसे उभी राहून गेली तितकी नंतर कधी आली नाहीत. ॲण्ड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी १९९५ मध्ये हरितक्रांतीच्या काळातील भारतीय शेतकऱ्यांच्या आकडेवारीवरून दाखवले आहे की शेतकरी स्वतःच्या अनुभवाबरोबरच शेजाऱ्याच्या अनुभवातूनही शिकतो, आणि म्हणूनच पहिला प्रयोग शेजाऱ्याने करावा म्हणून वाटही पाहतो. खर्च एकाचा, माहिती सगळ्या बांधांची. अशा व्यवहारात पहिला होण्यासाठी पैशाच्या हिशेबाबाहेरचे काहीतरी लागते. आबांचे ते काय होते, मी खूप वर्षे शोधत होतो. कुतूहल होते का? असावे, पण कुतूहल रोज उठत नाही, आणि कर्जाच्या दिवसांत तर ते पहिल्यांदा झोपते. आबांच्या ओळी आखाजीला बांधलेल्या होत्या. त्या दिवशी पुरण होते तसे ओळींचेही ठरत होते. वर्ष चांगले गेले की वाईट, मन लागते आहे की नाही, हे कोणी विचारतच नव्हते. संगणकाला शिकवताना आमच्या विषयातले लोक असाच साधा उपाय वापरतात : बहुतेक वेळा जे सर्वांत चांगले वाटते तेच कर, पण ठरावीक थोड्या वेळा डोळे मिटून दुसरे काहीतरी कर. आबा डोळे उघडे ठेवून करत, आणि कॅलेंडरवर लिहीत, एवढा फरक.

तरी मला एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती लपवली तर हे सगळे फार गोड होईल. २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षांच्या कॅलेंडरांवर चार ओळींचे एकही टिपण नाही. मी दोन्ही खिळ्यावरून काढून चौकोन न्‌ चौकोन पाहिला आहे. त्या दोन्ही आखाजींना त्या ओळींतसुद्धा हळदच होती.

म्हणून त्या फेब्रुवारीत भावाने पिलांचे विचारले तेव्हा मी बाजारभावाचा अंदाज, हवामान, व्यापारी यांतले काहीच काढले नाही. मी विचारले, “मार्चला किती भरायचे आहे?” त्याने आकडा सांगितला. तो त्याच्या आवाक्यातला होता. मग आम्ही अर्धा तास बोललो, आणि त्याने तीन एकरांत पिले धरली, दोन एकरांतली कापली. आकडा दुप्पट असता तर आम्ही काय बोललो असतो, ते मला सांगता येणार नाही.

आबा आता नाहीत. आखाजीला मी गावी गेलो तेव्हा भावाने विहिरीजवळ चार ओळींचे खड्डे आखलेले होते, आणि जूनमध्ये पाऊस पडल्यावर तिथे वेलची केळीची चाळीस रोपे लागली. परवा बांधावरून शेजारच्या काकांनी हाक मारून त्याला विचारले, “काय रे, जमेल का ही आपल्याकडे?” तो ठिबकची तुंबलेली नळी फुंकून साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, “निसवू तर द्या, काका.”